शाल-श्रीफळापलीकडचा सत्कार

वनखात्यातला माणूस निवृत्त झाला की शाल, श्रीफळ, फोटो आणि दोन भाषणे होतात. त्याने उभ्या नोकरीत कायदा कसा राबविला, हे मात्र कोणी विचारीत नाही. मारुती चितमपल्ली १९९० साली उपमुख्य वनसंरक्षक पदावरून निवृत्त झाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. लेखक म्हणून त्यांचा गौरव झाला, तो योग्यच. पण ज्याने पुस्तक लिहिले नाही, फक्त पंचनामे लिहिले, त्या वनरक्षकाचे काय? स्वाती ढुमणे या वनरक्षक भगिनीचा २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात, व्याघ्रगणनेच्या कामावर असताना, वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्या वाट्याला निवृत्तीचा हारही आला नाही.

आमच्या मुरुडच्या शिवारात वाघ नाही, काळवीट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान ३ व कमाल ७ वर्षांची कैद आहे. पण शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून होत नाही, पुराव्यातून होते. कलम ५५ प्रमाणे अधिकृत तक्रारीशिवाय न्यायालय दखलच घेत नाही. कलम ५० खाली अधिकाऱ्याने नोंदविलेली साक्ष खटल्यात चालते, पण ती आरोपीसमक्ष घेतलेली असेल तरच. रात्री शेताच्या बांधावर, बॅटरीच्या उजेडात लिहिलेला पंचनामा कच्चा राहिला की गुन्हेगार हसत बाहेर पडतो.

आमचा दुसरा निकष याहून कडक आहे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिकारीची वार्ता आली की पहिली नजर अजून पारध्याच्या पालाकडेच वळते. पालावर धाड घालणे सोपे असते. कातड्याची किंमत मोजणाऱ्या व्यापाऱ्याच्या दारात जाणे अवघड असते. जो वर्दीवाला दुसरी वाट धरतो, तोच आमच्या लेखी सन्मानास पात्र आहे. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगा, असे अनुच्छेद ५१ क सांगतो. त्याच संविधानाचा अनुच्छेद २१ माणसाच्या जीविताची व स्वातंत्र्याची हमी देतो. एकाच्या नावाने दुसरा तुडवता येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. निरोप समारंभात निवृत्त होणाऱ्याची खटल्यांची नोंदवही वाचून दाखवा: किती गुन्हे नोंदविले, किती न्यायालयात टिकले, किती निरपराध सोडले. आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच नव्या वनरक्षकांपुढे पंचनामा शिकवायला उभे करा. शाल कपाटात जाईल. ही विद्या मात्र शिवारात राहील.