गाडा शिवेपार, जंतू पाण्यातच!

पटकीची साथ आली की पूर्वी मरीमायचा गाडा शिवेबाहेर ढकलीत. गाडा गेला, रोग गेला, अशी समजूत! आज गाड्याची जागा 'साथ आटोक्यात' या सरकारी अहवालाने घेतली आहे. पण जंतू जातो कोठे? कोठेच नाही. कॉलऱ्याचा जंतू तळी-खाड्यांतील सूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून राहतो. प्रतिकूल काळात तो निद्रिस्त होतो. प्रयोगशाळेत वाढत नाही, पण मरतही नाही. पाणी तापले, खाद्य मिळाले की पुन्हा जागा होतो. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार पदरांतून पाणी गाळल्याने रुग्ण जवळपास निम्म्याने घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले, ते याच कारणाने. जंतूसह त्याचे घरच गाळले गेले.

जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील पाचडोंगरी, कोयलारी येथे वीजबिल थकल्याने नळ बंद पडले. आदिवासी उघड्या विहिरीचे पाणी प्याले. काहींचे प्राण गेले. हा दोष त्यांच्या अडाणीपणाचा की व्यवस्थेचा? असोद्यापासून मेळघाटापर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीला आपण विचारलेच पाहिजे : साथ नसताना टीसीएल पावडर पाण्यात पडते काय? जंतू सुटीवर जात नाही. मग यंत्रणेने का जावे?