ब्रह्मदेवाचा दिवस आणि पृथ्वीचे वय

सुदामानगरातील मराठी घरी सत्यनारायणाचा संकल्प सोडताना यजमान इंदूरचा पत्ता सांगण्याआधी काळाचा पत्ता सांगतो: ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण. पूजा आटोपते आणि प्रसादाबरोबर एक सिद्धान्तही वाटला जातो. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी. म्हणजे ऋषींस सारे ठाऊक होतेच! या विधानास आमचा विरोध आहे, आणि तो परंपरेच्याच बाजूने आहे.

४३२ कोटी हे पूर्ण दिवसाचे मान होय, सरलेल्या काळाचे नव्हे. वैवस्वत हे सातवे मन्वंतर आणि त्यातील हे अठ्ठाविसावे महायुग. मागची सहा मन्वंतरे, सात संधी, सत्तावीस महायुगे व चालू महायुगातील तीन युगे यांची बेरीज करावी. कलियुगाच्या गत वर्षांसह ती १९७ कोटी २९ लक्ष वर्षांच्या घरात जाते. ब्रह्मदेवाची अद्याप दुपारदेखील झालेली नाही! कोणाचे वय विचारले असता शतायुषी मनुष्याचे पूर्ण आयुर्मान सांगावे, तसाच हा प्रकार.

या अंकांचा ज्योतिषशास्त्रातील उपयोग वेगळाच होता. सूर्यसिद्धान्त ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात शनीचे १,४६,५६८ आणि गुरूचे ३,६४,२२० फेरे सांगतो. ग्रहांचे फेरे पूर्णांकात बसावेत एवढा दीर्घ काल गणितास हवा होता, आणि स्मृतिपुराणांतील युगे त्या कामी आली. येथून जवळच असलेल्या उज्जयिनीची रेषा मध्यरेषा मानून हे गणित चाले. ही मंडळी मोजीत होती आणि एकमेकांशी कडाडून भांडतही होती.

पृथ्वीचे वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून ४५५ कोटी वर्षे काढले. त्यापूर्वी १८६२ मध्ये केल्विन ते २ ते ४० कोटींच्या दरम्यान मानीत होते. तेव्हा आमचे शास्त्र खोटे होते काय? नासदीय सूक्ताच्या कवीने तर सृष्टीच्या अध्यक्षासही तिचे मूळ ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेतली. त्याला कोणत्याही प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नको होते.

आणि ज्यांस जुळवाजुळव करावयाचीच आहे, त्यांनी आर्यभटाचे काय करणार ते सांगावे. त्याने चारही युगे समान, १०,८०,००० वर्षांची मानली आणि मन्वंतरात ७१ ऐवजी ७२ महायुगे धरली, इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने स्मृतिविरुद्ध म्हणून त्यास दोष दिला. आर्यभटाचा कल्प १००८ महायुगांचा, म्हणजे ४३५ कोटी ४५ लक्ष ६० हजार वर्षांचा होतो. तो ४५४ च्या अधिक जवळ आहे; मग आता स्मृती सोडावयाच्या काय?