पहिली गाडी जोंगा नको

गेल्या पावसाळ्यात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर वर्गात रेंगाळला. हजेरीचे काही गाऱ्हाणे असेल असे मला वाटले. पण तो म्हणाला, "सर, खानापूरच्या पुढं एका वीटभट्टीवर मिलिटरीची जोंगा पडून आहे. मालक द्यायला तयार आहे. घेऊ का?"

माझ्याकडे एक जुनी जीप आहे हे कॉलेजात सर्वांना ठाऊक आहे. त्याचे श्रेय तिच्या सायलेन्सरला. त्यामुळे असे प्रश्न अधूनमधून येतात आणि मी ते हसून टाळतो. हा मात्र टाळता आला नाही. मुलाचे आजोबा लष्करात ड्रायव्हर होते, शेवटची काही वर्षे त्यांनी जोंगाच चालवली. थोरल्या भावाने गोव्यात नोकरी करून साठवलेले पैसे घरात आहेत आणि भाऊ द्यायला राजी आहे. "आजोबांना एकदा तिच्यात बसवायचं आहे," एवढेच तो म्हणाला. अशा माणसाला नाही म्हणणे जिवावर येते. तरी मी नाही म्हटले. का म्हटले हे त्याला व्हरांड्यात पाच मिनिटांत नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेख.

आधी माझा स्वतःचा मूर्खपणा सांगतो, म्हणजे मी कोणत्या अधिकाराने बोलतो ते कळेल. वीस वर्षांपूर्वी मी लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेला एक निस्सान वन-टन ट्रक एका दलालाकडून घेतला. लहानपणी कॅम्पात अशा ट्रकांची रांग पाहिली की आम्ही पोरे सलाम ठोकत असू. त्या सलामाची ही किंमत. इंजिन सुरू होत होते, चार चाके फिरत होती, दलालाने चहा पाजला. कागद म्हणून जे हातात पडले ती एक झेरॉक्स होती. घरी आल्यावर चासीवरचा नंबर घासून काढला तेव्हा तो आणि झेरॉक्सवरचा नंबर यांचा काही संबंध नव्हता. दलालाचा फोन त्यानंतर लागला नाही. नोंदणी होईना, रस्त्यावर काढता येईना, आणि ज्याला सावलीत उभे करायचे त्याला आमच्या घरापेक्षा उंच छप्पर लागत होते. सहा पावसाळे तो मागच्या अंगणात उभा राहिला. बेळगावचा पाऊस कसा असतो ते मी बेळगावकरांना सांगायला नको. शेवटी तो किलोच्या भावाने गेला. आमच्या घरचे मत असे की त्या ट्रकाने कुटुंबाला एकच गोष्ट दिली, त्याच्यावर भोपळ्याचा वेल फार छान चढला.

तेव्हा माझे पहिले म्हणणे असे की पहिली गाडी अशी असावी, जी बंद पडली तर दोघांना ढकलता येईल आणि जी आपल्या घराच्या छपराखाली मावेल. हे ऐकायला बाळबोध वाटते. पण या छंदात पडलेल्यांपैकी निम्मे लोक आकाराच्या मोहाने बुडाले असावेत असा माझा अंदाज आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेला शक्तिमान ट्रक पाहून कोणाचीही छाती फुगेल. त्याचे एक टायर बदलायला मात्र तीन मित्र लागतात, आणि मित्रांची लग्ने होतात.

जोंगा त्या मानाने लहान, हे खरे. निस्सानच्या पेट्रोल गाडीवरून ती जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून बनू लागली. नावही त्या कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचेच. जवळजवळ तीस वर्षे ती बनत राहिली. सहा सिलिंडरचे, चार लिटरला टेकलेले पेट्रोल इंजिन, ११० अश्वशक्ती. घाटात, वाळूत, नदीपात्रात ती ज्या सहजतेने जाते ते पाहून मन मोहते. पण हेच इंजिन पेट्रोल असे पिते की विद्यार्थ्याच्या खिशाला दर रविवारी भोक पडावे. म्हणूनच नागरी हातांत गेलेल्या कितीतरी जोंगांतून मूळ इंजिन काढून कुठल्या तरी ट्रकाचे किंवा टेम्पोचे डिझेल इंजिन ठोकलेले आढळते. वीटभट्टीवरच्या गाडीत काय असेल याची मी पैज लावायला तयार होतो. आम्ही दोघे पुढे जाऊन बघून आलो. बॉनेट उघडल्यावर पैज मी जिंकलो.

मग घ्यायची कोणती? माझे उत्तर जुनेच आहे: जीप. पण कोणती जीप, यावर माझे आणि माझ्या छंदिष्ट मित्रांचे कायम वाजते.

जीप म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या महायुद्धातली विलीज येते. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. साठ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन, तीन गिअर, ऐंशी इंचांचा व्हीलबेस, सगळा मिळून टनाच्या आसपास जीव. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली, म्हणजे लढाईत जाणारा माणूस पेट्रोलवरच बसून जाई. दिवे बिजागरीवर बसवलेले, उलटे फिरवले की इंजिनावर उजेड पडतो, रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून. ही एक युक्ती पाहिली तरी ज्याने ती केली त्याला नमस्कार करावासा वाटतो. इटलीच्या डोंगरांत आपल्या मराठा पलटणी लढत होत्या तेव्हा दारूगोळा आणि पाणी वर पोचवण्याचे काम खेचरांनी आणि या जीपनी केले. त्या मोहिमेत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या गावात आहे त्या गावाला या गाडीचे प्रेम असणे स्वाभाविक आहे.

आणि नेमके म्हणूनच पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये. तिच्यावर सगळ्यांचा डोळा आहे, त्यामुळे तिच्या नावाने काहीही खपते. नागरी जीपची सात फटींची जाळी काढून नऊ फटींची बसवली, मागचे फळके वेल्डिंगने बंद केले, टपावर तारा रंगवला की झाली महायुद्धातली विलीज. खऱ्या विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो आणि फोर्डचा उलट्या पन्हाळीसारखा. फोर्डच्या तर बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर ठोकलेले असते. हे पाहायला गाडीखाली आडवे पडावे लागते आणि विकणारा आडवे पडू देत नाही. शिवाय तिची वीज सहा व्होल्टची. दिवे कंदिलासारखे, सेल्फ थंडीत कुरकुरणारा. हे सगळे सोसायला आधी एक गाडी हाताखालून गेलेली असावी.

मी सुचवतो ती महिंद्राची उंच बॉनेटची जीप, सीजे-३बी. अमेरिकेत विलीजने ती १९५३ मध्ये काढली. नवे इंजिन उंच होते म्हणून बॉनेट उंच झाले, आणि रसिकांनी तिला कुरूप ठरवले. आपल्याकडे महिंद्राने १९४७ पासून जीपची जुळवणी सुरू केलेली होतीच, पुढे हे कुरूप पोर त्यांनी कित्येक दशके बनवले. लष्कराने घेतली, पोलिसांनी, वनखात्याने, पाटबंधारे खात्याने घेतली. परिणाम असा की तिचा कोणताही भाग अजून मिळतो, आणि मिळाला नाही तर उद्यमबागेतल्या लेथवर बनतो. ज्या गावात ओतकामाच्या भट्ट्या आहेत त्या गावात किंगपिनचे बुश नाही म्हणून गाडी उभी ठेवणे ही लाज आहे. माझ्या ट्रान्स्फर केसची एक शाफ्ट तिथल्या मेस्त्रींनी जुन्या तुकड्यावर माप धरून दोन दिवसांत करून दिली. "सर, ही तुमच्यानंतर पण चालेल," असे वर सांगितले.

दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. अमेरिकन विलीज ही दुसऱ्यांच्या सिनेमातली गाडी आहे. आपल्या फौजेने स्वातंत्र्यानंतर जी युद्धे केली त्यांत जीपने जे केले ते आपल्याला पाठ असायला हवे. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तर येथे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने. रणगाड्यापुढे जीप म्हणजे पत्र्याचा डबा. त्या डब्यात बसून माणूस तिथे थांबला. इतिहास शिकवणाऱ्याला हे सांगायला सीजे-३बी च्या बॉनेटवर हात ठेवलेला पुरतो.

आता कागद. इंजिन नंतर ऐका, आधी कागद वाचा, हे मी भोपळ्याच्या वेलाच्या अनुभवाने सांगतो. लष्कराने गाडी विकल्याचा मूळ कागद, त्यानंतरची नागरी नोंदणी, चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर, ही चार पाने एकमेकांशी जुळली नाहीत तर फुकट मिळाली तरी गाडी घेऊ नये. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात व्हीए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे डिझेल इंजिन ठोकलेली ती वीटभट्टीची जोंगा या दारातून आत जाणे कठीण. अशी नोंदणी झाली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते, रोज कॉलेजला आणता येत नाही. शिवाय पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. फौजेत वीस वर्षे राबून मग लिलावात आलेल्या गाडीचे वय कोठून धरणार, हे पैसे देण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. माझा अर्ज आमच्या कन्नड विभागातील एका सहकाऱ्यांनी भरून दिला, आणि त्या कार्यालयात जे काम माझ्या मोडक्या कन्नडने तीन खेपांत झाले नव्हते ते त्यांच्यामुळे एका सकाळी झाले.

रंगाचा प्रश्न आला की तरुण मित्र रागावतात. मोटार वाहन नियमांत १२१ क्रमांकाचा नियम आहे: संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. एकीकडे मूळ स्वरूप हवे म्हणतात आणि दुसरीकडे मूळ रंग काढा म्हणतात, ही विसंगती मलाही दिसते. तरी मला हा नियम मान्य आहे. ज्या गावात रोज फाटकावर पहारा उभा असतो तिथे हौशी माणसाने हिरव्या रंगात, बाणाचा नंबर लावून फिरावे आणि पहारेकऱ्याला क्षणभर फसवावे, यात कसली हौस? माझी जीप मातकट रंगाची आहे. डॅशबोर्डाच्या आतल्या बाजूला मात्र जुना हिरवा थर मी खरवडलेला नाही. लाकडी मशीनगन बसवून जत्रेत गाडी मिरवणारेही पाहिले आहेत, त्यांच्याविषयी संपादक छापतील असे शब्द माझ्याजवळ नाहीत.

पाहताना काय पाहावे, हे थोडक्यात. खिशात लोहचुंबक ठेवावे, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. चालकाच्या पायाखालचा पत्रा आणि चासीचे मागचे टोक हातोडीने हलके ठोकावे. इंजिन चांगले तापू द्यावे आणि मग ऑइलचा काटा पाहावा, थंड इंजिन सर्वांचेच चांगले असते. ब्रेकची नळी चारही चाकांना एकच, एकीकडे गळली की चारही गेले, म्हणून ब्रेकवर काटकसर नको. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला खाते, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा पहिल्याच महिन्यात बदलावा. आणि सुटे भाग पोत्यात भरून मिळणारी गाडी कधीही घेऊ नये. पोत्यात जे नसते तेच नेमके कोठे मिळत नाही.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, आजोबा जीप नाही, जोंगा चालवायचे." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कुठल्याही लोहचुंबकाने हे तपासता येत नाही. मी एवढेच म्हटले की रविवारी आजोबांना घेऊन ये.

ते आले. ऐंशी पार केलेले, धोतर, डोक्याला पांढरी टोपी, पाठ अजून ताठ. मी पुढे होऊन म्हटले, "या आजोबा, बसा." ते लगेच बसले नाहीत. आधी गाडीभोवती एक फेरी घातली, टायर पायाने दाबून पाहिले, वाकून खाली ऑइल सांडलेय का ते पाहिले. मग चालकाच्या जागी बसले, क्लच दाबून गिअरचा दांडा तीनही ठिकाणी नेऊन आणला. "भरती झालो तवा पहिल्यांदा हीच शिकवली मला," ते म्हणाले. "जोंगा लई नंतर आली." नातवाला हे ठाऊक नव्हते. आम्ही हिंडलग्यापर्यंत जाऊन आलो. घाईच्या चढावर त्यांनी दुसऱ्या गिअरला डबल क्लच दिला तेव्हा आवाज झाला नाही. माझ्या हातून तो वीस वर्षांत क्वचितच झालेला नाही.

परत आल्यावर चहा घेताना त्यांनी नातवाला विचारले, "त्या भट्टीवाल्याला काय देनार हुतास?" त्याने आकडा सांगितला. आजोबांनी बशी खाली ठेवली आणि मला विचारले, "मास्तर, ही किती देती लिटरला?"