आधी खोला, मग झाडा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय क्रमांक तीन: पार्किंग. विषय क्रमांक चार: पाण्याची टाकी. आणि विषय क्रमांक पाच (आयत्या वेळचा): मी!

म्हणजे झालं असं, की चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या काचेला एक छोटंसं गोल भोक पडलं. सिंकमध्ये चपटा झालेला शिशाचा छर्रा सापडला. त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये पंख मोडलेलं एक कबुतर फडफडत पडलेलं वॉचमनला दिसलं. संपूर्ण सोसायटीत एअरगन कोणाकडे आहे हे जगजाहीर असल्यामुळे गुन्हेगार शोधायला फार वेळ लागला नाही. "तुझं काय ते स्पष्टीकरण दे बाबा," असं सेक्रेटरी काकांनी फर्मावलं.

स्पष्टीकरण द्यायच्या आधीच बी विंगमधला एक सातवीतला मुलगा रडायला लागला आणि केस सुटली. वाढदिवसाला काकानं एअरगन पाठवली होती. पार्सल आलं, बाबांनी फोटो काढला, पोरगं गच्चीवर गेलं. बस्स, इतकी साधी गोष्ट.

पण मजा पुढे आहे. पुढच्या दहा मिनिटांत मला तीन प्रकारचे लोक भेटले, आणि हा लेख त्या तिघांवर आहे.

पहिले, मुलाचे बाबा. "अहो, खेळणंच तर आहे. लायसन्ससुद्धा लागत नाही."

दुसरे, सेक्रेटरी काका. "बंदूक ती बंदूक. सोसायटीतच काय, देशातच बंद करायला पाहिजे हा प्रकार."

आणि तिसरे (संख्येनं सगळ्यात जास्त), जे मीटिंग संपल्यावर जिन्यात हळूच गाठून म्हणाले, "ए, तुझी बंदूक दे ना एक दिवस. कबुतरांनी फार उच्छाद मांडलाय रे."

च्यायला! तिघंही तितकेच चुकीचे आहेत, आणि तिघांनाही तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही म्हणून हे लिहितोय.

त्याआधी माझं स्वतःचं पाप सांगून टाकतो. मी बारा वर्षांचा असताना मामाच्या गावी मे महिन्यात त्याची जुनी छर्र्याची बंदूक हातात मिळाली. मामा शेतावर गेलेला. विहिरीजवळच्या शेवग्यावर एक बुलबुल बसला होता. शपथेवर सांगतो, लागेल असं वाटलंच नव्हतं. लागला. पडला, पण मेला नाही. त्याच्या शेपटीखालचा लाल ठिपका आणि उघडमीट करणारी चोच... मला आजही लख्ख आठवते. मी तिथंच उभा राहिलो. ना त्याला वाचवता येत होतं, ना संपवता येत होतं.

संध्याकाळी मामानं मला मारलं नाही, ओरडला पण नाही. फावडं दिलं आणि खड्डा खणायला लावला. मग बंदूक माळ्यावर गेली ती थेट पुढच्या सुट्टीपर्यंत. पुढच्या वर्षी खाली काढली तेव्हा म्हणाला, "आधी खोलायला शिक. खोलून, पुसून, परत जोडता आली की मग झाड." पूर्ण मे महिना मी एकही छर्रा न उडवता ती बंदूक खोलत आणि जोडत होतो. पुढे इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवली, पण यंत्र म्हणजे काय हे मला त्या महिन्यात कळलं.

तर, पहिल्या गटाकडे येऊ. खेळणं.

स्प्रिंगच्या बंदुकीत होतं काय? नळी खाली वाकवली की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि जाडजूड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्यासमोरची हवा क्षणात दाबली जाते आणि ती हवा छर्र्याला नळीतून बाहेर ढकलते. सायकलच्या पंपाचंच तत्त्व, फक्त घाईत. आत तेल जास्त झालं असेल तर दाबानं तापलेल्या हवेत ते चक्क पेट घेतं. डिझेल इंजिन चालतं तसंच! धूर येतो, मोठा आवाज होतो, आणि पोरांना वाटतं बंदूक 'पॉवरफुल' झाली. खरं तर ती आतून खराब होत असते. छर्रा न भरता चाप ओढला तरी तेच. दट्ट्याला थोपवायला हवेची गादी उरत नाही, तो थेट जाऊन आदळतो, आणि स्प्रिंग आणि वॉशर दोन्ही कामातून जातात.

आता जरा गणित करू (सवय!). आपल्याकडच्या २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन विनापरवाना ठेवता येते. त्याच्या वर गेलात की परवाना लागतो. बाबा म्हणाले ते बरोबर, लायसन्स लागत नाही. पण ऑलिंपिकमध्ये १० मीटरवर जी एअर रायफल वापरतात, तिची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा, सेकंदाला १७०-१७५ मीटर वेग. आणि ही 'कमी ताकदीची' रायफलसुद्धा माणसाचा डोळा कायमचा घालवू शकते. छर्रा हवेत सोडला तर दोनशे मीटरच्या पुढेही जाऊ शकतो. गच्चीवरून दोनशे मीटरचं वर्तुळ काढून बघा. किती खिडक्या, किती पाळणाघरं, किती बाल्कन्या येतात त्यात?

परवाना लागत नाही याचा अर्थ सरकारनं विश्वास तुमच्यावर टाकलाय, इतकाच होतो. ते खेळणं आहे असा होत नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीलाही परवाना लागत नाही, म्हणून आपण ती रंगीत कागदात गुंडाळून सातवीतल्या पोराला वाढदिवसाला देतो का?

आणि खेळणं समजून विकणारेही कमी नाहीत. 'हजार फूट प्रति सेकंद' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. नेहमीचा ०.५३ ग्रॅमचा छर्रा धरला तर ऊर्जा येते साडेचोवीस ज्यूलच्या वर. म्हणजे एक तर ही बंदूक विनापरवाना मर्यादेत बसत नाही, किंवा तो आकडा अगदी हलका छर्रा वापरून काढलाय, किंवा सरळ थाप आहे. चौथी शक्यता मला तरी सुचत नाही. शिवाय छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला की हवेत डगमगतो आणि नेम बिघडतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे जास्त मोजले, तोच आकडा नेम बिघडवतो. प्रोसेसरच्या गिगाहर्ट्झवरून लॅपटॉप घेणाऱ्यांना आपण हसतो ना? तसलंच आहे हे.

दुसरा गट. बंदीवाले.

सेक्रेटरी काका, तुमचा राग मला कळतो. खरं सांगायचं तर तुमच्या बाजूनं बोलण्यासारखं भरपूर आहे. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये लोकांनी स्वतःहून एअरगन जमा कराव्यात अशी मोहीम राज्य सरकारनं सुरू केली, कारण पक्ष्यांच्या शिकारीनं जंगलं मुकी व्हायला लागली होती. दोन हजारांहून जास्त बंदुका लोकांनी आणून दिल्या. कोणाच्या आजोबांची आठवण असेल, कोणाची हौस असेल, तरी दिल्या. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. तिथं ते बरोबरच होतं.

पण सरसकट बंदी म्हणताना दुसरी बाजूही बघा. ११ ऑगस्ट २००८ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं, ते १० मीटर एअर रायफलमध्ये. शेवटचा शॉट १०.८. सिडनीत २००० साली अंजली वेदपाठक (नंतरची भागवत) आणि अथेन्सला २००४ साली सुमा शिरूर फायनलपर्यंत पोचल्या, त्या याच प्रकारात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत जगज्जेता झाला, तोही यातच. चाकाच्या खुर्चीवरून अवनी लेखरानं टोकियो आणि पॅरिस अशा दोन पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं, आणि तिची कोच कोण? सुमा शिरूर! देशातच हा प्रकार बंद केला, तर या पोरी-पोरांनी हातात धरायचं काय?

यावर काकांचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते बिनतोड आहे. "अरे, ती मंडळी क्लबमध्ये झाडतात. गच्चीवर नाही. मग क्लबमध्येच ठेवा ना बंदुका. घरी कशाला?"

या प्रश्नावर मी आठवडाभर विचार केला. प्रामाणिकपणे सांगतो, 'माझा हक्क आहे' यापलीकडे मला सुरुवातीला काही सापडलं नाही, आणि ते काही उत्तर नव्हे. मग लक्षात आलं की माझ्या छंदातला झाडण्याचा भाग आठवड्यातला जेमतेम दीड तास असतो. तो मी शनिवारी सकाळी रेंजवरच करतो. दहा मीटरवर साडेचार सेंटिमीटरचं टार्गेट, आणि त्यात 'दहा' म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! या वाक्याच्या शेवटी जो पूर्णविराम आहे, साधारण तेवढा. रात्री अकराला क्लायंट कॉल झाला असेल तर सकाळी टार्गेटवर स्पष्ट दिसतं. नाडीचा ठोका माशीवर दिसतो. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, जमत नसेल तर मुकाट्यानं रायफल खाली ठेवायची. 'न झाडणं' हा या खेळातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो.

बाकी जे घरी होतं ते म्हणजे मामाची बंदूक. (मामा आता नाही.) महिन्यातून एकदा ती खोलतो. दस्त्याचे स्क्रू झाडण्याच्या धक्क्यांनी ढिले होतात, ते आवळतो. चामड्याच्या वॉशरला तेलाचे दोन थेंब, तिसरा नाही. बाहेरून तेलाचा हात, नाहीतर पावसाळ्यात पुण्यात काय गंजत नाही! छर्रे शिशाचे, म्हणून साबणानं हात धुतल्याशिवाय चहालाही हात लावायचा नाही. मग बंदूक कुलपात आणि छर्रे दुसऱ्या कुलपात. घरी एकही छर्रा उडत नाही. म्हणून काका, माझं उत्तर असं आहे: ज्याला ही कुलपं, हे खोलणं-जोडणं कंटाळवाणं वाटतं, त्यानं बंदूक खरंच घरी ठेवू नये. ज्याला ते झाडण्याइतकंच आवडतं, त्याच्यापासून तुमच्या काचेला धोका नाही.

आणि आता तिसरा गट. जिन्यातले.

तुमच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण तुम्ही माझेच लोक आहात. तिशीच्या आतले, शिकलेले, दोन बीएचकेवाले. मीटिंगमध्ये त्या पोराकडे बघून 'च् च्' करणारे आणि जिन्यात माझ्याकडे बंदूक मागणारे. अरे, त्या पोरानं वेगळं काय केलं मग? त्यानं तुमच्याच गप्पा ऐकल्या आणि अंमलात आणल्या, एवढंच!

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२चा आहे, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६०चा. बंदूक विनापरवाना आहे म्हणून पक्षी विनापरवाना होत नाहीत. पण कायदा राहू दे बाजूला. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा कबुतराला बहुतेक वेळा मारत नाही. तो त्याला घायाळ करतो. ते उडून कोणाच्या तरी एसीच्या मागे जाऊन दोन दिवसांनी मरतं. तुम्हाला दिसत नाही, म्हणून 'एक कमी झालं' म्हणायचं. आणि कमी होतं का? जोवर खाली पोत्यानं ज्वारी टाकली जातेय आणि डक्ट उघडे आहेत, तोवर एकाच्या जागी दुसरं येणारच. यावर जाळी लावणं आणि दाणे बंद करणं हा उपाय आहे. एका वाक्यात सांगायचं, तर रूट कॉज सोडून तुम्ही एरर मेसेज डिलीट करताय. ऑफिसात असं करणाऱ्याला आपण काय म्हणतो?

असो. मीटिंगचं पुढे काय झालं ते सांगतो. सेक्रेटरी काकांनी ठराव मांडला: सोसायटीच्या आवारात, गच्चीवर किंवा फ्लॅटमध्ये कुठलीही एअरगन झाडायची नाही. अनुमोदन कोण देणार म्हटल्यावर मी हात वर केला. काका दोन क्षण माझ्याकडे बघतच राहिले. काचेचे पैसे मुलाच्या बाबांनी दिले. कबुतर मात्र वाचलं नाही.

त्या पोराची बंदूक सध्या माझ्या कपाटात, कुलपात आहे. त्याला म्हटलंय, रोज संध्याकाळी ये, खोलायला शिकवतो. झाडायचं नाव काढायचं नाही. त्याचे बाबा म्हणाले, "क्लासेस असतात हो त्याचे, बघू."

पोरगं मात्र काल आलं होतं. दारात उभं राहून पहिला प्रश्न विचारला, "दादा, ते कबुतर कुठं पुरलं?"

दाखवली जागा. बंदूक उद्यापासून.