ड्रिल मशीन घेतले, पण टेबलाचे काय?

आपल्या भागातील कारागीर बांधव हल्ली मशीन घेण्यात मागे राहिलेले नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावीदेखील घराच्या मागच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम चालते, तेथे करवत-रंध्याच्या जोडीला उभे ड्रिल मशीन दिसू लागले आहे. परंतु मशीन आणून बसवले म्हणजे झाले, ही समजूत आम्हांला मान्य नाही. खांब, मोटर, चक, पट्टा हे सारे कारखान्यातून येते. लाकूडकामाचे टेबल मात्र ज्याने त्याने आपल्या कामाच्या मापाने स्वतः बनवले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. गज आणि कात्री सांभाळणाऱ्याने सुताराला शहाणपण का सांगावे, असे कोणी म्हणेल. पण दुकानाची कपाटे, काउंटर, शोकेस आम्ही सुतारांकडूनच करून घेतो, आणि एक दार वर, दुसरे खाली अशी कपाटे दिवसातून पन्नास वेळा उघडावी लागतात तीही आम्हांलाच. तेव्हा गिऱ्हाईक म्हणून दोन शब्द बोलण्याचा हक्क आम्हांला आहे.

कारखान्यातून येणारे ड्रिल मशीन मुळात लोखंडी कामासाठी बनलेले असते. त्याचे टेबल बिडाचे, वीतभर-हातभर रुंदीचे. त्यातल्या फटी लोखंडी शिकंजा बोल्टने आवळण्यासाठी असतात. एवढ्याशा टेबलावर कपाटाचे सहा फुटी दार ठेवले तर त्याचे एक टोक हवेत लोंबकळते. मग एक पोरगा ते टोक धरून उभा राहतो, त्याचा हात हलला की भोक हलते. शिवाय लाकडाखाली आधार नसल्यामुळे बिट पलीकडे निघताना खालच्या बाजूची ढलपी उडते. सनमायका लावलेल्या मालाला अशी ढलपी उडाली तर तो तुकडा गेलाच.

ऑटो बिजागरीचे उदाहरण घ्या. हल्ली कपाट म्हटले की गिऱ्हाईक हीच बिजागरी मागते. तिच्या वाटीला ३५ मिलिमीटरचे भोक लागते. ते दाराच्या कडेपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर पाहिजे आणि खोल सुमारे १२ मिलिमीटर. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये खाली जेमतेम ६ मिलिमीटर उरतात. हातातल्या ड्रिलने एक भोक बरोबर पडेल, चार पडतील, दहाव्या दाराला थकलेला हात फसवणारच. आणि बारा दारांपैकी एक वाकडे लटकले तर गिऱ्हाईकाला अकरा दिसत नाहीत, ते एकच दिसते.

टेबल बनवणे अवघड नाही. १८ मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे एकावर एक चिकटवावेत. रुंदी अडीच फुटांच्या आसपास, खोली सव्वा फूट. मागच्या बाजूस खांबासाठी खाच ठेवावी. टेबल वर-खाली करण्याचा दांडा कुठे येतो ते आधी पाहावे, नाहीतर रुंद फळी त्याच्या आड येते आणि दांडा फिरवायला जागाच राहत नाही. पुष्कळ जण येथेच अडकतात. मधोमध तीन-चार इंचाचा चौकोनी तुकडा निघेल असा बसवावा. भोक त्यावर पडू द्यावे, तुकडा चाळण झाला की फिरवावा किंवा बदलावा. ढलपी न उडण्याचे गुपित त्या दोन दमडीच्या तुकड्यात आहे.

मागे एक सरळ, जाड पट्टी आडवी लावावी. बिटाचे टोक हा एकच बिंदू असल्यामुळे ही पट्टी टेबलाच्या कडेशी समांतर असण्याची मुळीच गरज नाही. एक टोक बोल्टवर फिरते ठेवून दुसरे क्लॅम्पने आवळले तरी अंतर सुताच्या हिशेबाने बरोबर येते. पट्टीच्या खालच्या कडेला बारीक खाच मारावी म्हणजे भुसा तिथे जाईल आणि लाकूड पट्टीला नीट टेकेल. पट्टीवर सरकता अडणा लावला की दुसऱ्या, तिसऱ्या, तिसाव्या तुकड्याला पेन्सिलची खूण करावी लागत नाही. पट्टीचा आणखी एक उपयोग आहे. बिट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. लाकूड अडकून फिरू लागले तर त्याचे डावे टोक मागे जाते आणि पट्टीला अडते. लहान तुकडा तरीही क्लॅम्पनेच धरावा. हातमोजे, सैल बाही, गळ्यातला रुमाल घालून या मशीनजवळ जाऊ नये. चकची चावी लगेच काढावी, पट्टा बदलताना प्लग काढावा.

हे सारे टेबल बिडाच्या फटींतून बोल्ट घालून खालून विंग नटने आवळावे, कायमचे ठोकू नये. आपल्याकडे त्याच मशीनवर सकाळी गेटची पट्टी आणि दुपारी दाराची चौकट येते. लोखंडाचा कीस आणि तेल लाकडी टेबलात मुरले तर पुढच्या प्रत्येक मालावर डाग. बसवल्यावर बिट टेबलाशी काटकोनात आहे की नाही ते पाहण्यासाठी चकमध्ये वाकवलेली तार धरून हाताने फिरवावी. तिचे टोक चारी बाजूंना सारखे टेकले पाहिजे. हे काम गुण्यापेक्षा तारेनेच खात्रीचे होते.

आता आक्षेप. जुने मिस्त्री म्हणतात, आमचा हात बसलेला आहे, आम्ही सामत्यावर भोके पाडली, पट्टी-अडणा नवशिक्याला हवा. हाताचे कसब आम्ही कमी लेखत नाही. परंतु शिंपी खाका ठेवतो म्हणून त्याला कोणी नवशिका म्हणत नाही. शंभर गणवेशांचे काम ज्या मास्टरकडे येते, तो प्रत्येक थान नव्याने आखत बसत नाही.

आणि हुन्नराचीच गोष्ट निघाली तर मिरज येथून दूर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या फरीदसाहेबांनी, म्हणजे हत्यारे बनवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या माणसाने, सतार बनवायला घेतली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या हातांना तलवारीची सवय होती त्यांनी नव्या कामासाठी नवी साधने जुळवलीच ना? सतारीला मुख्य सहा-सात तारा आणि तरफेच्या अकरा ते तेरा, म्हणजे जवळजवळ वीस खुंट्यांची भोके. एक जरी तिरके गेले तर खुंटी धरत नाही आणि तार उतरते. दांडीची पाठ गोल, ती सपाट टेबलावर बसणारच नाही. तिच्यासाठी टेबलावर दांडीच्या आकाराची लाकडी खोबण करावी, पहिले सरळ भोक मशीनने पाडावे आणि खुंटीचा उतार हाताने द्यावा. सूर जुळवणे, जव्हारी काढणे हे हाताचे काम हातालाच राहील. सगळ्या कामाला एकच टेबल चालत नाही असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, प्रशिक्षण आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. कर्जाचा भाग ज्याने त्याने आपल्या विचाराने पाहावा. अवजारांची मदत मात्र सोडू नये. पण योजनेतून अवजार येते, ते आपल्या कामाला बसवून कोण देणार? अमेरिकेत अशी टेबले ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांसह तयार विकत मिळतात, तरी तिथले हौशी लोकदेखील घरी बनवतात, कारण प्रत्येकाच्या मशीनचे आणि कामाचे माप वेगळे. आपल्याला तर दोन दिवसांचे काम आणि उरलेला प्लाय पुरतो.

शेवटी आम्हां व्यापाऱ्यांबद्दल. द्राक्ष-बेदाण्याचा पैसा हातात आला की घरे निघतात, दुकाने वाढतात आणि सगळ्यांना कपाटे एकाच महिन्यात हवी असतात. आपण एक कपाट सांगून घासाघीस करतो, मग चार महिन्यांनी तसेच दुसरे मागतो आणि ते पहिल्यासारखे झाले नाही म्हणून तक्रार करतो. नगाचा आकडा आधीच सांगितला, थोडा बयाणा दिला, तर कारागीर पट्टी-अडणा एकदाच लावून सगळी भोके एका बैठकीत पाडील आणि त्याला भावही उतरवता येईल. आणखी एक बारीक गोष्ट. काम झाल्यावर पुष्कळ दुकानदार प्लायचे उरलेले तुकडे मोजून परत मागतात. माल आपला असतो, मागण्यात गैर काही नाही. पण ते तुकडे आपल्या माळ्यावर धूळ खात पडतात. ते सुताराच्याच शेडमध्ये राहू द्यावेत. दोन तुकडे जोडले की एक टेबल होते.