एल्फांच्या गावात पाणी कोण सोडतं?

परवा शनिवारी आमच्याकडे चार कुटुंबं जमली होती. निमित्त खास काही नाही. बाहेर पाऊस होता (बर्मिंगहॅममध्ये पाऊस हे निमित्त होऊच शकत नाही म्हणा), मिसळीचा बेत होता, आणि मुलांना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग दाखवायचं बरेच दिवस घाटत होतं. २००१ साली तो आला तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्या गावच्या थिएटरात असले सिनेमे येत नसत. मी तो पाहिला पुढे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, कुणाच्या तरी हार्डडिस्कवरून, दहा जणांनी एका मॉनिटरसमोर दाटीवाटीने बसून. त्यानंतर पुस्तकाची तीन-चार पारायणं झाली. त्यामुळे या विषयावर तोंड उघडायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मी समजतो.

तर सिनेमात मंडळी लोथलॉरिएनला पोचली. एल्फांचं ते झाडांवरचं शहर, निळसर उजेड, बुंध्यांभोवती गोल गोल चढत जाणारे जिने. खोलीत सगळे चिडीचूप. आणि एका मित्राच्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "काका, हे लोक शीला कुठे जातात?"

हशा झाला. तिची आई म्हणाली, "अगं ते एल्फ आहेत, त्यांना लागत नाही." मग दुसरा एक मित्र म्हणाला, "खरं सांगू का, मी पहिल्यांदा इकडे आलो ना, तेव्हा मला अगदी असंच वाटलं होतं. सगळं शांत, सगळं स्वच्छ, कोणी काही करताना दिसत नाही आणि तरी सगळं होतं. याला म्हणतात सिव्हिक सेन्स. आपल्याकडे शंभर वर्षांत होणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. तोंडात पाव होता, मीही डोलावली.

मंडळी, त्या डोलावलेल्या मानेविरुद्ध मला आज लिहायचं आहे.

आधी ते शहर नीट बघू. पुस्तकातलं, सिनेमातलं नव्हे. नाव कारास गालाधोन. टेकडीवर वसलेलं, भोवती खोल खंदक, खंदकाच्या बाहेरच्या कडेने पांढऱ्या दगडाचा फरसबंद रस्ता, आत हिरवी तटबंदी. पाहुणे पुलावरून वेशीपाशी येतात, वाटाड्या दार ठोठावतो, दार आवाज न करता उघडतं. पहारेकरी दिसत नाही. आत रस्त्यांवर माणूस दिसत नाही, पावलं ऐकू येत नाहीत, फक्त वर झाडांतून बोलण्यागाण्याचे आवाज. वर हिरवळीवर कारंजं, त्याला चंदेरी दिवे, पाणी चांदीच्या कुंडात पडून पुढे ओढ्यासारखं वाहत जातं. पाहुणे तिथे जवळजवळ महिनाभर राहतात. महिनाभर! पण कारंज्याला पाणी टेकडीवर कसं चढतं, दिव्यांत तेल कोण घालतं, रस्त्यावरचा पाला कोण झाडतो (सगळं शहर झाडांवर आहे, पाला कमी पडत नसणार) याबद्दल अक्षर नाही. काम करताना दिसते ती खुद्द राणी, आपल्या सख्यांबरोबर पाहुण्यांसाठी अंगरखे विणणारी. पालिकेचा म्हणावा असा माणूस एकही नाही. आणि सुरक्षेचं विचारूच नका. सीमेवरच्या मचाणाला भिंत नाही, कठडा नाही, बिचाऱ्या पिपिनला रात्रभर धास्ती की झोपेत आपण गडगडत खाली जाऊ. इथल्या हेल्थ अँड सेफ्टीवाल्यांनी पाच मिनिटांत सील केलं असतं.

"अरे, परीकथा आहे ती, परीकथेत कसली आलीत गटारं?" हा आक्षेप मला त्याच संध्याकाळी ऐकवला गेला. पण टॉल्किन हा असा ढिसाळ कारागीर नव्हे. चंद्राच्या कला जुळाव्यात म्हणून तारखा बदलणारा माणूस तो. हॉबिटांच्या गावाला त्याने पोस्ट खातं दिलं आहे, महापौर हाच पोस्टमास्तर, आणि पोलीस किती तर बारा, प्रत्येक परगण्यात तीन, हेसुद्धा सांगितलं आहे. माणसांच्या मिनास तिरिथमध्ये दिवे बनवणाऱ्यांची वेगळी गल्ली आहे, रुग्णालय आहे. त्या रुग्णालयात बडबडी म्हातारी परिचारिका आहे आणि ऐन वेळी हवी ती वनस्पती साठ्यात नाही असं सांगताना पांडित्य झाडणारा औषधी-भांडारप्रमुखही आहे. (सरकारी इस्पितळात गेलेल्या कोणाही मराठी माणसाला हा प्रसंग वाचताना घरी आल्यासारखं वाटेल.) म्हणजे हॉबिटांना टपाल, माणसांना दवाखाना, आणि एल्फांच्या या शहराला काहीच नाही. हे विसरून झालेलं नाही. लेखकाने ठरवून केलेलं आहे.

काम करणारे एल्फ त्याला लिहिता येत नव्हते असंही नाही. १९३७ च्या 'हॉबिट'मध्ये अरण्यातल्या एल्फ राजाची गुहा आहे, तिथली व्यवस्था बघा. दारू आणि इतर माल नदीवरच्या सरोवरनगरीतून येतो, पिंपं रिकामी झाली की तळघरातल्या झडपेतून खालच्या ओढ्यात सोडतात, पाण्यावरची जाळीची वेस उचलली जाते, पिंपं वाहत जातात, पुढे तराफेवाले एल्फ ती बांधून नगरीला परत नेतात. अगदी शिस्तीत चालणारी रिकाम्या डब्यांची परतफेड! आणि ती चालवणारे कसे? कोठीवाला आणि पहारेकऱ्यांचा मुख्य राजाची भारी दारू पिऊन आडवे. रात्रपाळीचे हमाल गाणी म्हणताहेत आणि कुरकुरताहेत की ही पिंपं रिकामी म्हणता तर एवढी जड कशी. (आत बुटके आहेत म्हणून. तेरा.) हे एल्फ माझ्या ओळखीचे आहेत. अशा लोकांनी चालवलेलं शहर चुकतं, गळतं, पण त्यात कुणाला तरी ठाऊक असतं की झडप कुठली आणि चावी कुणाकडे.

कारास गालाधोनची चावी एकीकडेच आहे. गॅलाड्रिएलच्या बोटातल्या अंगठीत. तिचं नाव नेन्या, जलमुद्रिका. काळाची झीज तिने थोपवून धरलेली. मी पोटासाठी बिडाच्या जुन्या पाइपांचा गंज मोजतो, पीएचडीची साडेचार वर्षं त्यातच गेली, त्यामुळे 'झीज होत नाही' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. झीज होत नाही असं काही नसतं, फक्त देखभालीचा खर्च दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात पडलेला असतो. इथे सगळाच्या सगळा खर्च त्या एका अंगठीच्या खात्यात आहे. मग मुख्य अंगठी नष्ट होते, तिच्याबरोबर या अंगठीचंही बळ जातं, अडीच वर्षांत राणी जहाजात बसून निघून जाते. पुढे सव्वाशे वर्षांच्या आत आर्वेन एकटी मरायला तिथे येते तेव्हा ते रान मुकं पडलेलं आहे. युद्धात तीन हल्ले परतवलेलं शहर! एल्फांना बदल थांबवून धरायचा होता आणि तिथेच त्यांचं चुकलं, हे टॉल्किनने नेओमी मिचिसन या लेखिकेला १९५४ साली पत्रात स्वतः सांगून ठेवलं आहे. त्याला कळलेलं होतं. कळलेलं नाही ते आम्हाला, पोस्टर लावणाऱ्यांना.

आता आमच्याबद्दल. मी इंग्लंडला आलो त्या पहिल्या आठवड्यातला फोन मला अजून आठवतो. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. पहाटे चारला ती लांब दांड्याची चावी सायकलला बांधून निघायचे, आज या पेठेचा व्हॉल्व्ह, उद्या त्या. पाणी आलं तर त्यांना कोणी विचारत नसे, दहा मिनिटं उशीर झाला की दारात येऊन शिव्या. मी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं की बाबा, इथे चोवीस तास पाणी असतं. ते म्हणाले, "मग सोडतं कोण?"

"कोणी नाही हो बाबा, आपोआप येतं."

"असं कसं?"

मी हसलो होतो. गावाकडच्या माणसाला काय कळणार, अशा थाटात. याची आज मला जेवढी लाज वाटते तेवढी थीसिसमधल्या कुठल्याही चुकीची वाटत नाही.

कारण कोणी तरी सोडत होतंच. टॉल्किनचं बरंचसं बालपण याच बर्मिंगहॅममध्ये आणि आसपास गेलं. किंग्ज हीथला रेल्वेलाइनशेजारी राहताना कोळशाच्या वाघिणींवरची वेल्श नावं वाचून त्याला त्या भाषेचं वेड लागलं, आणि पुढे एल्फांची सिंदारिन भाषा त्याने वेल्शच्याच वळणावर घडवली. नेमक्या त्याच वर्षांत त्याच वेल्समधून या शहराला पाणी आणायचं काम चालू होतं. एलान खोऱ्यातली धरणं, १८९३ ला सुरुवात, १९०४ ला सातव्या एडवर्डच्या हस्ते उद्घाटन. ११८ किलोमीटरचा जलमार्ग, सगळा गुरुत्वावर, पंप नाही. सरासरी उतार २३०० ला १. पाण्याला इथे पोचायला सुमारे दीड दिवस लागतो. व्यावसायिक म्हणून सांगतो, अंगावर काटा येतो असं काम आहे. आणि त्याखाली काय बुडालं? तीन वाडे, अठरा शेतं-घरं, एक शाळा, एक चर्च. शंभराच्या आसपास माणसं उठली, भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. कुळं गेली हात हलवत. १९२१ चा मुळशी सत्याग्रह शाळेच्या पुस्तकात वाचलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तर हा आमचा 'आपोआप'. चांदीच्या कुंडात पडणारं पाणी कुणाच्या तरी अंगणावरून आलेलं असतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं ते दहा वर्षं उशिरा. ते आधी म्हणाले, "उतार किती?" मी सांगितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाइनवर माणसं किती आहेत?"

आता सिव्हिक सेन्स. असेल, मी नाही म्हणत नाही. पण २०२५ च्या ११ मार्चपासून या शहरात कचरा उचलणाऱ्या कामगारांनी बेमुदत संप केला, एक पद रद्द होण्यावरून आणि पगारावरून. महिना संपायच्या आत पालिकेला आणीबाणीसारखी घोषणा करावी लागली. रस्त्यावर १७ हजार टन कचरा पडून असल्याचा आकडा पालिकेचाच. माणसं तीच, सिव्हिक सेन्स तोच, पेट्याही त्याच. फक्त गाडीवरचे लोक नव्हते. एल्फांचं गाव तीन आठवड्यांत उघडं पडलं. त्यावर आपल्या मंडळींच्या गप्पा काय होत्या? "इथलंही आता इंडिया झालं." एकाने तर अमुक वस्त्यांमधल्या लोकांना नावं ठेवली, की 'हे लोक' आल्यापासून असं झालं. हे आपण म्हणायचं! परवाच्या शनिवारी सिव्हिक सेन्सवर माना डोलावणाऱ्यांत तो होता. संपावर गेलेल्या माणसाचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं, कारण गाडी येते तेव्हा हा झोपलेला असतो. पाहिलं नाही म्हणून नाहीच, आणि नाहीच म्हणून जे काही चांगलं आहे ते आपल्यासारख्या सुसंस्कृत रहिवाशांमुळे. वा रे वा.

याच हिशेबाने मग आपण सुट्टीत गावी जातो आणि नाक मुरडतो. तिथे झाडूवाली दिसते, गटारात उतरलेला माणूस दिसतो, व्हॉल्व्हमन दिसतो, म्हणून ते शहर घाण. इथे दिसत नाहीत म्हणून हे स्वच्छ. गटारात माणूस उतरवणं थांबलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ते यंत्रं, हातमोजे आणि पगार देऊन थांबतं. आमच्या डोळ्यांची सोय करून नव्हे.

टॉल्किननेच एक सुंदर प्रसंग लिहून ठेवला आहे. एल्फ लेगोलास आणि बुटका गिम्ली लढाईनंतर मिनास तिरिथमध्ये फिरत असतात. एल्फाचं म्हणणं, इथे बागा हव्यात. बुटका भिंतीच्या चिऱ्यांकडे बघत म्हणतो, काम काही ठिकाणी चांगलं आहे, काही ठिकाणी तेवढं नाही, रस्त्यांची आखणी सुधारता येईल. आणि पुढे खरंच बुटक्यांची माणसं येतात, नवी वेस घडवतात, रस्ते फरसबंद होतात, अरण्यातले एल्फही येतात. कारास गालाधोन ओस पडतं त्याच काळात हे फुटलेलं, जळालेलं, औषधाचा साठा न ठेवणारं शहर पुन्हा उभं राहतं. गिम्लीला मी आमच्या खात्यात उद्या घेईन, मुलाखत न घेता.

त्या मुलीला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पुढच्या शनिवारी दुसरा भाग आहे, या वेळी तिच्या घरी. ती पुन्हा विचारेलच. तेव्हा तिला आधी पिंपांची गोष्ट सांगणार आहे, आणि मग रस्त्यावरचं मॅनहोलचं झाकण दाखवायला बाहेर नेणार आहे. पाऊस असला तर छत्री घेऊन.