गालिचा विकला, जबाबदारी संपली?

लोकरी गालिचा दोन पावसाळ्यांत खराब झाला की गिऱ्हाईक भदोहीच्या कारागिराला नावे ठेवते. आमच्या मते दोष बहुधा आम्हा दुकानदारांचाच असतो. माल देताना तो सांभाळायचा कसा, हे आम्ही सांगतच नाही. आमच्याही दुकानात असा गालिचा परत आला. विचारले तेव्हा कळले, घरी सोड्याच्या गरम पाण्यात धुतला होता.

लोकर हा केसासारखाच प्रथिनाचा धागा. सोडा आणि ब्लीचने तो कमजोर होतो, गरम पाण्याने आटतो. रोज हलका झाडू पुरे, अधूनमधून उलटा करून झटकावा. चहा सांडला तर घासू नये, कोरड्या सुती फडक्याने टिपावा. ओला गालिचा गुंडाळू नये, आतला सुती ताणा कुजतो. कसर अंधारात पडून राहिलेल्या मालाला लागते, म्हणून तो उघडून वारा द्यावा.

भदोहीच्या गालिच्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाची इज्जत टिकवणे विकणाऱ्याच्याही हाती आहे. व्यापारी बंधूंनो, एवढ्या सूचना बिलामागे छापायला खर्च तो कितीसा? गिऱ्हाईक परत येईल, ते तक्रार घेऊन नव्हे, दुसरा गालिचा घ्यायला.